तोंड काढायचं राहिलंय

तोंडओळख

दवाखान्यात नंबर यायची वाट बघत लोक बसतात त्या खोलीत, लांबलचक भिंतीवर चित्र काढायचं काम तिला मिळालं. समोर बाकांवर माणसं, भिंतीवरही बाकांवर माणसं. व्यवस्थापकांना कल्पना पसंत पडली. "म्हणजे गर्दी दुप्पट दिसणार," ते म्हणाले. "दवाखाना जोरात चाललाय असं वाटेल."

पन्नाशी उलटलेली ही चित्रकार. केसांत कायम कुठला ना कुठला रंग. चेहरा काढताना ती तोंड सगळ्यांत शेवटी काढायची. डोळे, नाक, हनुवटी झाली की माणूस काही दिवस तसाच ठेवून द्यायची, बिनतोंडाचा. त्याची नीट ओळख पटली की मग तोंड. थोरला भाऊ यावरून चिडवायचा, "छोटे, तुझ्या माणसांची जेवणाची पंचाईत होत असेल गं."

चिडवायचा. आता नाही.

तोंडपाठ

दादा रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा द्यायचा. वेळापत्रक तोंडपाठ, आणि घरीही तोच सूर. "जेवण दोन नंबरच्या ताटावर येत आहे. कृपया हात धुऊन घ्यावेत."

मग शहराचं बिनसलं. चौकाचौकांत बंदूकवाले उभे राहिले. शेजारी जिन्यात भेटले तरी पायऱ्यांकडे बघत उतरू लागले. एका दुपारी स्टेशनच्या पुढच्या दारात माणसांना झोडपायला सुरुवात झाली. दादाने गाडीची घोषणा अर्धी सोडली आणि माइकवर सांगितलं, "पुढच्या दाराने जाऊ नका. मागून जा. मुलांना उचलून घ्या."

त्याला घेऊन गेले. पुढे कधीतरी परत आणून सोडलं. अंगावर वळ नव्हता. नोकरी गेली. स्टेशनवर आता टेपवरची बाई बोलते. आणि दादा? हो. नको. ठेव तिथे. एवढंच बोलतो. "छोटे" तर नाहीच.

तिला वाटायचं, याच्याकडे आवाज होता आणि त्याने तो नेमक्या वेळी खर्च केला. आपल्याकडे काय? टेकड्या, होड्या, फुलदाण्या. कुणाच्याही सोफ्याच्या वर निमूट टांगून घेतील अशी चित्रं. आयुष्यभर ब्रश चालवला, पण त्याने कधी कुणाला मागच्या दाराने बाहेर काढलं का?

म्हणून या भिंतीवर तिने ठरवलं की सगळे बोलताना काढायचे. भांडताना, हसताना, चौकशा करताना. मधोमध दादा, तोंड चांगलं आ वासलेलं. आणि चित्र पुरं झालं की दादाला आणून त्याच्यासमोर उभं करायचं. मग तरी बोलेल.

तोंडी

तोंडं खडूने आखून झाली होती, रंग भरायचा बाकी होता, तेव्हा व्यवस्थापक आले.

"लेखी देत नाही, तोंडीच सांगतो. तोंडं मिटा."

"कुणाची?"

"माझी नव्हे, भिंतीवरच्यांची!"

"गप्पा मारतायत हो ती."

"गप्पा की घोषणा, हे बघणारा ठरवणार ना? एवढी माणसं, एकदम तोंड उघडून! सोमवारी वरून लोक येतायत पाहणीला. त्यांना खटकलं तर भिंतीला चुना फासतील, वर माझ्या तोंडाला काळं." मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, मला चित्र आवडलंय. खरंच. म्हणून तर सांगतोय."

माणूस वाईट नव्हता. तीच तर पंचाईत.

तिने ओलं फडकं घेतलं आणि एकेक तोंड पुसलं. दादाचं शेवटी.

तोंडातल्या तोंडात

रात्रीचं जेवण. दोन ताटं, एक पाण्याचा जग, मधे मिठाची बाटली.

"तोंडं पुसायला लावली," तिने सांगितलं. "तुझंही."

दादाने मान वर केली. श्वास घेतला. खांदे किंचित उचलले गेले, नाकपुड्या ताणल्या, गळ्याची शीर उभी राहिली, आणि ओठ मिटलेलेच. शब्द आत दारापाशी येऊन चपला शोधत असावा, तसं. मग तो सगळा श्वास नाकावाटे सोडून देऊन त्याने मिठाची बाटली पुढे ओढली.

हे रोज व्हायचं. तिने रोज बघितलं होतं, आणि दर वेळी तिला वाटलं होतं की हा गप्प बसला.

तिचा घास हातातच राहिला. हा गप्प कुठे बसतोय? हा तर रोज बोलायला निघतोय.

तोंड मिटून

तोंडं तिने अगदी सांगितल्यासारखी काढली. ओठाला ओठ. पण त्याआधी तिने सगळ्यांचे खांदे खरवडून नव्याने, थोडे वर काढले. मानांना शिरा दिल्या. बटणांच्या मधला कापडाचा भाग ताणला. भिंतीवरच्या झाडून सगळ्या माणसांनी आत श्वास घेतला होता, आणि सोडला नव्हता.

चित्राला आवाज नसतो, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. ती उणीव समजून ती इतकी वर्षं फुलदाण्या काढत राहिली. आता शिडीवर उभी राहून ती स्वतःशीच म्हणाली, नसू दे. आवाज बघणाऱ्याकडे असतोच की. आपण नुसता श्वास द्यायचा.

तोंडदेखलं

सोमवारी पाहणीवाले आले. भिंतीसमोर उभे राहिले. कुणाचं तोंड उघडं नाही हे त्यांनी टोकापासून टोकापर्यंत चालत जाऊन बघितलं. "छान. शांत आहे," एकजण म्हणाला, आणि उगाचच खाकरला. ते गेल्यावर व्यवस्थापकांनी हुश्श केलं. केल्यावर त्यांना कळलं की मघापासून आपण श्वासच घेतला नव्हता. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आपल्या खोलीत निघून गेले.

भिंत राहिली.

तोंडासमोर

दुसऱ्या दिवशी ती दादाला घेऊन आली. खोली भरलेली, सगळे आपापल्या नंबराच्या चिठ्ठीकडे बघत बसलेले. दादा भिंतीसमोर उभा राहिला. भिंतीवरचा दादाही त्याच्यासमोर. दोघे गप्प. तिला वाटलं, चुकलंच. उघडं तोंडच हवं होतं.

पायाला प्लास्टर घातलेल्या एक आजी पहिल्या बाकावर बसल्या होत्या. चित्रातल्या दादाकडे त्या कधीच्या बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"अरे, बोल की बाबा!" त्या भिंतीला म्हणाल्या. "सकाळपासून बघतेय. कधीचं तोंडाशी आलंय तुझ्या!"

बाकावर कुणीतरी हसलं.

दादाचे खांदे वर गेले. गळ्याची शीर उभी राहिली. ती त्याच्याकडे बघायचं सोडून हातावरचा रंग खरवडू लागली.

"छोटे," दादा म्हणाला. आवाज गंजलेला होता. "नाक फार मोठं केलंयस."

आजींनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"मोठं कुठे? आहे तसंच काढलंय."

"शक्यच नाही," दादा म्हणाला.

"का हो," आजी शेजारणीकडे वळल्या, "तुम्हाला काय वाटतं?"

शेजारणीला वाटत होतंच. तिच्या शेजाऱ्यालाही. मागच्या बाकावरचा एकजण तर दादाला बाजूने बघता यावं म्हणून उठून उभा राहिला.