दोन काठांची एक जाळी

नदीच्या दोन्ही काठांवर एकाच मालकाचे दोन कारखाने होते आणि मधल्या पुलावर दोन राष्ट्रांची सीमा. अलीकडच्या काठावरील सुरक्षा-निरीक्षकाने सात महिने पत्रे लिहून दोन्ही सरकारांची संयुक्त तपासणी घडवून आणली, ती केवळ कर्तव्यबुद्धीने नव्हे. त्याची धाकटी बहीण पलीकडे दिलेली होती आणि तिथल्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या यंत्रावर बसत होती. हातांपुढे संरक्षक जाळी नसलेल्या त्या यंत्राने वर्षभरात दोघींची बोटे नेली होती.

"तिसरा नंबर माझा म्हणतात सगळ्या," ती हसून म्हणाली होती. "लवकर ये, दादा. तुझ्या नावानं मोडायला तरी दहा बोटं राहू देत!"

करारानुसार तपासणीची तारीख कारखान्याला पंधरा दिवस आधी कळवावी लागे. ती यथाविधी कळवली गेली.

सकाळी अलीकडच्या यंत्रावर जाळी पाहून निरीक्षकाला धन्य वाटले. वडीलधाऱ्या निरीक्षकांनी घालून दिलेल्या शिरस्त्याप्रमाणे त्याने चौकटीच्या आतल्या कडेला निळ्या खडूने तारीख घातली, सही केली. मग व्यवस्थापकाने त्याला आणि सोबत आलेल्या पलीकडच्या निरीक्षकाला आग्रहाने जेवू घातले. पुलावर शिक्के मिळेपर्यंत दुपार टळली.

पलीकडे बहीण कोऱ्या टोपीत यंत्रापाशी उभी होती. यंत्रावर जाळी होती. त्याने वाकून आतली कड पाहिली. निळी तारीख, आणि खाली त्याचीच सही.

"ही आमच्याकडची आहे," तो पलीकडच्या निरीक्षकाच्या कानाशी लागला. "सकाळी मीच खूण केलीय."

"दिसतंय मला." केस पिकलेल्या त्या गृहस्थाने चष्मा पुसला. "पण साहेब, तुमच्या खडूला माझ्या हद्दीत साक्ष देता येत नाही. तपासणीचा तक्ता विचारतो, जाळी आहे का? आहे."

"आणि उद्या?"

"उद्याचा रकाना नाही. तुम्ही कळवा तुमच्या कचेरीतून. मग पुन्हा तपासणी आणि पुन्हा पंधरा दिवसांची सूचना."

निरीक्षकाने हरकत लिहिण्यास तक्त्यावर जागा शोधली. उरली होती ती शिक्क्यापुरती. जन्मभर त्याने कागदावर असत्य लिहिले नव्हते. आजही लिहिले नाही. 'आहे,' असे त्याने लिहिले.

तिथला व्यवस्थापक खुलला. "ए बाई, तो निळा डाग पूस जरा. बरं दिसत नाही."

बहिणीने फडके उचलले. ते अक्षर तिच्या बालपणापासूनच्या ओळखीचे होते. क्षणभर हात थांबला, मग फिरला.

"दोन जावांत एकच छत्री, दादा," ती हळूच म्हणाली. "आत्ता भिजतेय ती तुमच्याकडची. संध्याकाळी मी."

तो फाटकाशी पोहोचला, तेव्हा तिथे एक टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा होता. मागे बोल्ट सैल केल्याचा आवाज येत होता. संध्याकाळचीही वाट कोणी पाहिली नव्हती. पाळी सुटायला चार तास होते. बहिणीने बाह्या वर सारल्या आणि ती आपल्या जागेवर बसली.