अडलेल्या शब्दांचा डबा

मित्रांनो, मी पत्र्याचा डबा. निळा, जुना, एका कोपऱ्याला पोचा आलेला. जन्मलो बिस्किटांसाठी, पण बिस्किटे एका नाताळातच संपली, आणि त्यानंतर माझ्या पोटात शब्द आले.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेला, नदीकाठच्या कागद गिरणीच्या गावात, वाचनालयाच्या तळघरात मोठ्या माणसांचा वाचनवर्ग भरत असे. दर मंगळवारी, गिरणीची दिवसपाळी सुटली की. शिकवायला हॅस्केलबाई. पहिल्या मंगळवारी त्यांनी टेबलावर मुलांची पुस्तके मांडली. ससा, बदक, लाल चेंडू. पाच जण आले होते. पुढच्या मंगळवारी दोघेच आले. त्यांतली एक डेल्फीन. गिरणीच्या कँटीनमध्ये ती स्वयंपाक करायची.

ती म्हणाली, "बाई, बदक मला चांगलं ठाऊक आहे. मी ते सोलते, भाजते, वाढते. मला घरमालकानं दारावर डकवलेला कागद वाचायचाय."

बाईंनी ससा-बदकाची पुस्तके उचलून कपाटात ठेवली. पुढच्या खेपेला त्या मला घेऊन आल्या आणि नवा रिवाज घातला. आठवडाभरात ज्याला जो शब्द अडेल, तो त्याने आणायचा. लिहिता येत नसेल तर कागदाचा तुकडाच फाडून आणायचा. बाई तो शब्द जाड कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहीत, मागे आणणाऱ्याचे नाव घालत, सगळ्यांकडून मोठ्याने वाचून घेत आणि कार्ड माझ्यात टाकत. भाडेकरार. ज्वलनशील. मुदत. पालकाची सही. माझ्यातला प्रत्येक शब्द म्हणजे कुणाला तरी लागलेली ठेच होती.

नदी गोठली, नदी सुटली, पुन्हा गोठली. त्या दुसऱ्या हिवाळ्यात रोझेर ऊलेट आला. वय अठ्ठावन्न, हात फळीएवढे रुंद. दारातच टोपी मुरगाळत उभा राहिला.

डेल्फीनने त्याला ओळखले. "काय रे रोझेर, चौतीस वर्षं कागद केलास, आता त्यावर काय लिहितात ते बघायला आलास होय?"

"तुझ्या हातचं मी चौतीस वर्षं खातोय," रोझेर म्हणाला, "पण तू कधी चव घेऊन बघितलीस का?"

सगळे हसले. तो बसला. बाईंनी पुढे केलेल्या कोऱ्या कार्डावरून त्याने अंगठा फिरवला. "आपलाच आहे. तीन नंबरच्या मशीनचा," तो हळूच म्हणाला. कागद त्याला असा स्पर्शाने कळायचा. त्यावरची काळी अक्षरे मात्र मुकी राहायची.

घरी येणारा प्रत्येक कागद त्याची बायको लुसील वाचायची. शरद ऋतूत तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. गिरणीतून रजा घेऊन औषधे रोझेर देऊ लागला. बाटलीवरचे वाचता येईना, म्हणून त्याने रंग पाठ केले. पिवळी सकाळची, पांढरी रात्रीची. मग एकदा औषधाच्या दुकानातून त्याच गोळ्या दुसऱ्या कंपनीच्या आल्या. सकाळची पांढरी झाली, रात्रीची पिवळी. रोझेरने रंगावर विश्वास ठेवला. लुसील दोन दिवस उठलीच नाही.

"तीन आठवड्यांनी नर्स घरी येणार," त्याने बाईंना सांगितले. "मला औषधं नीट देता येतात का, ते बघणार. नाही जमलं तर लुसीलला बँगोरच्या शुश्रूषागृहात नेतील. शंभर मैल. तिथं तिला काय हवंय, ते तिच्या नुसत्या डोळ्यांवरून कोण ओळखणार?"

मग त्याने खिशातून बाटल्या काढल्या. बाईंनी कार्डे लिहिली. उपाशीपोटी. जेवणानंतर. अर्धी गोळी. दिवसातून दोनदा. चघळू नये.

"डबाच घेऊन जा तू," बाई म्हणाल्या. "तीन आठवडे आम्ही काढू कसेही."

अशा रीतीने मी ऊलेटांच्या स्वयंपाकघरात राहिलो. सकाळी तो लापशी ढवळत शब्द म्हणायचा, दुपारी बर्फ उपसून आला की पुन्हा म्हणायचा. लुसील खुर्चीतून ऐकायची. तो चुकला की ती डाव्या हाताने टेबल वाजवी. ते शब्द तिला सगळे येत होते. एकही सांगता येत नव्हता. त्या घरात ती दोघे होती, मी होतो, आणि तरी केवढे एकटेपण होते, काय सांगू.

नर्स आली. रोझेरने एकेक बाटली उचलून वाचून दाखवली. हळू, बोट ठेवत, पण बरोबर. मग तिने पिशवीतून नवीच बाटली काढली. "डॉक्टरांनी कालच लिहून दिलीय. ही वाचा बरं."

"जेवणानंतर एक गोळी," रोझेर वाचू लागला. "घेतल्यावर..." आणि बोट थांबले. पुढचा शब्द माझ्यात नव्हता. जन्मभर अशा वेळी तो मान डोलवून 'कळलं, कळलं' म्हणत आला होता. लुसील त्याच्याकडे पाहत होती. टेबल तिने वाजवले नाही.

त्याने एक कोरे कार्ड नर्सपुढे सरकवले. "हा शब्द मला येत नाही. मोठ्या अक्षरात लिहून द्या. आणि मोठ्यानं म्हणा."

नर्सने लिहिले. "गुंगी," ती म्हणाली. "गोळी घेतल्यावर तासभर त्यांना एकट्यानं उठू द्यायचं नाही." मग हातातल्या लेखणीकडे पाहत ती म्हणाली, "मिस्टर ऊलेट, मी आज अकरा घरं फिरले. निम्म्या घरांत म्हणे चष्मा सापडत नव्हता. येत नाही असं म्हणणारे तुम्ही पहिले."

तिने फॉर्मवर खूण केली. लुसील घरीच राहिली.

पुढच्या मंगळवारी रोझेरने मला परत केले. नव्या गोळीच्या गुंगीमुळे संध्याकाळी लुसीलला एकटे ठेवता येणार नव्हते; तो पुन्हा वर्गाला आला नाही. माझे असेच आहे, मित्रांनो. ज्याचे काम झाले, तो जातो. डेल्फीन गेली, सगळे गेले. पुढे गिरणी बंद पडली, बाई थकल्या, वर्ग भरेनासा झाला. मी तळघरातल्या फळीवर आहे.

तुमच्या ओळखीत एखादे मोठे माणूस कागद हातात घेऊन नुसतेच उभे दिसले, तर हसू नका. त्याच्यापुढे ससा-बदकही ठेवू नका. कोणता शब्द अडला, एवढेच हळूच विचारा.

आणि कधी या तळघरात आलात, तर माझे झाकण उघडा आणि एखादे कार्ड मोठ्याने म्हणा. चारशेच्या वर शब्द आहेत माझ्यात. पण मला वाचता येत नाही. कुणी म्हटले, तरच मला कळते माझ्या पोटात काय आहे ते.