हेस्टरबाईंच्या बोटीतला वास

कालव्यावरच्या बोटींचे गॅसपाइप जोडण्यात हेस्टर पॉगसनबाईंची उभी हयात गेली, आणि म्हातारपणी गेलं ते नेमकं नाक. एक भारी ताप आला नि जाताना वास घेऊन गेला. मुलाला त्यांनी याचा पत्ता लागू दिला नव्हता. कळलं असतं तर डेस्मंडने त्यांना त्याच दिवशी गावातल्या घरी नेऊन ठेवलं असतं आणि बोट विकायला काढली असती. याच बोटीत त्यांनी संसार केला होता.

रविवारी दुपारी डेस्मंड आला आणि दारातच थबकला.

"आई, गॅसचा वास मारतोय. आणि तू खुशाल टोस्ट भाजतेयस?"

बाईंनी शेगडी आणि गॅसची बाटली बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या. गॅस जड, बोटीच्या तळाशी पाण्यासारखा साचतो. चांगली हवा खेळेपर्यंत दोघं काठावर थांबले.

"तुला वास आलाच नाही ना?"

"नाही येत रे. बरेच दिवस झाले."

"मग संपलं. आजच सामान बांध."

"नाकाने गळती शोधणारे हौशी लोक असतात," बाई म्हणाल्या. "मला काच पुरते."

बोटीच्या पुढच्या टोकाला, बाटलीच्या पेटीत ती काच होती, गॅसच्या पाइपावर बसवलेली, पाणी भरलेली. शेगडी बंद, बाटली उघडी ठेवून बटण दाबायचं. पाइप कुठे गळत असेल तर काचेतल्या पाण्यात बुडबुडे येतात. बाईंनी बाटली उघडून बटण दाबून धरलं. एकही बुडबुडा नाही.

"मला वास आला, आई. मी काय वेडा आहे?"

"नाही, पण काचही वेडी नाही. दाबून धर, मी आत बघते."

गुडघे कुरकुरत होते. दाराजवळच्या दांड्याला धरून बाई पायऱ्या उतरल्या, तोच बाहेरून डेस्मंड म्हणाला, "आले. बुडबुडे आले."

बाईंनी दांडा सोडला. "आता?"

"थांबले."

पुन्हा धरला.

"आले."

बाई मनात म्हणाल्या, सापडलीस भवाने. बाटली बंद करून त्यांनी दांडा उतरवला, मागची फळी काढली. एक लांबलचक स्क्रू थेट तांब्याच्या पाइपात घुसला होता. एरवी तोच भोक बुजवून बसायचा. दांड्यावर भार पडला की हलायचा.

डेस्मंडचा चेहरा उतरला. आई पडू नये म्हणून तो दांडा त्यानेच बसवला होता, ती मावशीकडे गेली असताना.

"मी तुला जाळून मारलं असतं," तो कसाबसा म्हणाला.

"फळीमागे पाइप आहे का, हे विचारायचंस तरी. गाढवा, तो पाइप कापायची कातरी दे इकडे."

बाईंनी खराब तुकडा कापला, नवा जोड बसवला, पान्याने आवळला. मग डेस्मंडनेच बाटली उघडून बटण दाबलं आणि बराच वेळ सोडलं नाही. काच स्वच्छ राहिली. त्याने सामानाचं नाव काढलं नाही. दांडा मात्र उचलून गाडीत टाकायला निघाला.

"तो कुठे नेतोस?" बाई म्हणाल्या. "गुडघे खरंच गेलेत माझे. त्याच्याशिवाय मला उतरता येत नाही. बस इथे, भोक कुठे पाडायचं ते दाखवते."