माझे मधले वाक्य

मित्रांनो, मी एक जुना परिच्छेद आहे. हसू नका. जीव माझा तीन वाक्यांचा, पण कपडे धुण्याची मशिने बनवणाऱ्या एका कंपनीची सगळी माहितीपुस्तके माझ्यावाचून अडतात.

कंपनीच्या लेखनविभागातल्या ताईने मला लिहिले. तिची धाकटी बहीण एका इस्पितळाच्या धुलाईघरात याच कंपनीच्या मशीनवर चादरी धुवायची. ताईने मला पहिल्यांदा तिलाच फोनवर वाचून दाखवले: "घंटा वाजली की कपडे धुऊन झाले. लाल दिवा विझेपर्यंत थांबा. मग झाकण उघडा."

"हे कळलं बाई," धाकटी म्हणाली. "नाहीतर तुमची पुस्तकं वाचताना डोळाच लागतो."

पूर्वी प्रत्येक पुस्तकात ही सूचना वेगळी लिहिलेली असे आणि प्रत्येकात वेगळी चुकलेली असे. ताईने मला एकाच फाइलमध्ये ठेवले. बाकी पुस्तकांत आणि मशीनच्या पडद्यांवर माझी नक्कल नाही, फक्त दुवा. पान उघडले की दुवा मला तिथे हजर करतो. घरात घड्याळ एकच असावे आणि सगळ्यांनी त्यावरच उठावे, तसे. साहेबांनी ताईची पाठ थोपटली आणि बक्षीस म्हणून आणखी काम दिले. मी मात्र फुशारलो. एकाच वेळी इतक्या ठिकाणी असणे कुणाला आवडणार नाही?

मग कंपनीने घरगुती मशीन काढले. त्याला लाल दिवाच नव्हता.

"गिऱ्हाइकानं काय विझायची वाट बघायची, डोंबलाची?" साहेब ओरडले. "ते वाक्य आत्ताच्या आत्ता काढा!"

ताई रजेवर होती. तिच्या शेजारी बसणाऱ्या शहाण्याने घरगुती मशीनसाठी वेगळा परिच्छेद लिहायला हवा होता. त्याला जेवायला जायची घाई होती. त्याने सरळ माझीच फाइल उघडली आणि मधले वाक्य खोडले. मला फार दुखले, पण परिच्छेदाच्या दुखण्याला कोण विचारतो? त्याच क्षणी मी सगळीकडे दोन वाक्यांचा झालो.

धुलाईघरात मला वाचणारी धाकटी एकटीच होती. बाकीच्या बायका सवयीने दिव्याकडे बघत आणि माझ्याकडे पाठ करून गप्पा मारत. घंटा वाजली. दिवा लालच होता. धाकटीने पडद्यावर नजर टाकली आणि थबकली.

"चादरी कुठायत? वरून बोंब मारतायत," मुकादम खेकसला.

"ताईनं दिव्याचं काढलंय," ती म्हणाली. "म्हणजे आता थांबायला नको."

तिने झाकण उघडले. आत उरलेले उकळते पाणी उजव्या हातावर आले. ती किंचाळली तेव्हाही मी पडद्यावर तसाच स्वच्छ, सुवाच्य उभा होतो. ज्यांनी मला कधी वाचले नाही, त्यांचे हात शाबूत राहिले.

बातमी येताच साहेबांनी मधले वाक्य परत घालायला लावले आणि फाइलच्या जुन्या प्रती पुसून टाकायला सांगितले. मी सगळीकडे पुन्हा तीन वाक्यांचा झालो. कुठे डाग नाही, खाडाखोड नाही.

चौकशी बसली, कंपनीलाही बोलावणे आले. अधिकारी पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "लिहिलंय की इथे. तुम्ही वाचलंच नाहीत."

"वाचलं म्हणूनच तर भाजले," धाकटी म्हणाली. "त्या दिवशी हे नव्हतं."

"लिहिलेलं काय उडून जातं का, बाई?"

धाकटीने ताईकडे पाहिले. "ताई, तू सांग ना यांना."

रजेवरून परतल्यावर ताईला सगळे कळले होते. साहेब तिच्या शेजारीच बसले होते. ती बॅगेचा बंद चाचपत राहिली आणि म्हणाली, "हे वाक्य पहिल्यापासून आहे."

मला त्या खोलीतून पळून जायचे होते, पण मी तर सगळीकडेच होतो.

मित्रांनो, माझ्यासारख्याला हात लावण्याआधी एवढेच विचारा, की हा अजून कुठे कुठे आहे. एका जागी बरे दिसावे म्हणून मला कापू नका.

धाकटी आता कामावर परतली आहे. ताईचा फोन येतो, धाकटी उचलत नाही. घंटा झाली की ती माझ्याकडे बघतही नाही. झाकणावर डावा हात ठेवते आणि ते निवेपर्यंत उभी राहते.