चादरीची चार टोकं

डबलबेडच्या चादरीची घडी एकट्याने घालता येत नाही असं नाही. येते, पण ती घडी नव्हे, गुंडाळी. नीट घडीला समोर माणूस लागतोच. दोन टोकं त्याच्या हातात, दोन आपल्या. हात डोक्याच्या वर न्यायचे, चादर एकदा झटकायची, ताणायची, मग चालत एकमेकांपाशी यायचं. आमच्या लाँड्रीत एकतीस वर्षं समोरचा माणूस मी होते. लॉजच्या चादरी दिवसाला शंभर-सव्वाशे. म्हणजे नवऱ्याजवळ मी दिवसातून सव्वाशे वेळा जात होते, आणि तेवढ्या वेळात आमचं बोलणं काय, तर "ताण" आणि "सोड".

चार महिन्यांपूर्वी अशीच चादर धरलेली असताना मी खाली गेले. मला काही आठवत नाही. हे सांगतात की माझी टोकं सुटली आणि चादर अंगावर घेऊन मी जमिनीवर. दवाखान्यात कळलं, हृदयाचे ठोके मिनिटाला पस्तीसवर आलेत. दोन दिवसांनी डाव्या खांद्याच्या जरा खाली, कातडीच्या आत पेसमेकर बसवला. काडेपेटीएवढं यंत्र. हात लावला की कडा लागते. मी फारसा लावत नाही.

घरी सोडायच्या दिवशी हे औषधं आणायला खाली गेले होते, तेव्हाच नेमके डॉक्टर आले. म्हणाले, "मावशी, सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. त्यानंतर सगळं करायचं. चाला, जिने चढा, हात वापरा. यंत्र चालण्यासाठी दिलंय, बसण्यासाठी नाही."

हे वर आले. पिशवी खाली ठेवत विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही."

बस, एवढंच. 'सहा आठवडे' हे शब्द माझ्या ओठापर्यंत आले होते की नाही, ते आता मला खरंच सांगता येणार नाही. दमले होते, एवढं आठवतं.

घरी आलो तर दुसऱ्या दिवशी यांनी लाँड्रीच्या भिंतीत दोन खिळे ठोकले आणि त्यांना दोन मोठे चिमटे बांधले. माझी दोन टोकं त्या चिमट्यांत अडकवायची आणि उरलेली दोन घेऊन स्वतः मागे जायचं. झटकायचं, ताणायचं, भिंतीपर्यंत चालत यायचं, चिमटे काढायचे. माझी जागा भिंतीने घेतली. मी गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसून पावत्या फाडायला लागले.

माझी नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहते. एकतीस वर्षांत तिने मला कधी पाण्याचा पेला पुढे केला नव्हता. ती डबा घेऊन यायला लागली. "वहिनी, तुम्ही उठू नका. आतली तार-बीर निसटायची." मी उठत नव्हते. तिने वाढलेलं खायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, बाई गं, हे यंत्र आधीच बसवून घ्यायला हवं होतं.

हसण्यावारी नेते आहे, पण खरं सांगते, मला बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दमण्याला कागदावरचं कारण मिळालं होतं. दमले म्हटलं की लोक म्हणतात, कोण दमत नाही? हृदयाला यंत्र लावलंय म्हटलं की गप्प बसतात.

सहा आठवडे संपले तो दिवस मला ठाऊक होता. कॅलेंडरवर खूण केली नव्हती, पण ठाऊक होता. सकाळी चहा घेताना सांगायचं ठरवलं. हे कप ठेवून उठले, आणि मी म्हटलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. मग भीतीही बसली मानगुटीवर. आतली तार हृदयापर्यंत गेलेली, हात वर केला आणि सुटलीच तर? केस विंचरतानासुद्धा डावा हात मांडीवर. आळस किती आणि भीती किती, हे माझं मलाच कळेना. रोज यांच्या तोंडाकडे बघायचे, ओळखलंय का काय. चोराच्या मनात चांदणं.

चौथ्या महिन्यात तपासणी होती. मी एकटीच गेले. लाँड्री कशाला बंद ठेवता, असं यांना म्हटलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, डॉक्टर यांच्यासमोर बोलतील याची धास्ती होती.

डॉक्टरांनी यंत्र तपासलं, खूश झाले. म्हणाले, "छान. आता डावा हात वर करा."

मी केला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. मी थांबवला नव्हता. पुढे न्यायला गेले तर खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांतून पाणी आलं.

"किती दिवस वर केला नाही?"

"तुम्हीच म्हणालात ना."

"सहा आठवडे म्हणालो होतो मावशी. आज सोळा झाले." ते काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "यंत्र दहा वर्षं चालेल. खांदा मात्र आखडला. आता रोज भिंतीसमोर उभं राहायचं, बोटांनी भिंत चढत हात वर न्यायचा. दुखेल. महिने लागतील. पहिल्यासारखा पूर्ण जाईलच असं सांगत नाही."

घरी येताना तीन वेळा बसले, एकदा दुकानाच्या पायरीवर, दोनदा कठड्यावर. हृदय ठणठणीत होतं. पायच उचलत नव्हते. आता सांगायचं तरी काय? की मी खोटं दुखणं धरलं आणि ते खरं झालं?

मग सुरू झाला न्हाणीघरातला व्यायाम. नळ सोडायचा म्हणजे कण्हणं ऐकू जात नाही. ओल्या भिंतीवर बोटं चढवायची, एक फरशी, दुसरी फरशी, तिसऱ्या फरशीच्या कडेला जीव जायचा. जिथे पोचले तिथे पेन्सिलीने रेघ मारायची, आणि बाहेर येताना पुसून टाकायची. आठ दिवसांत दोन बोटं वर गेली. दोन बोटं! इतक्या कष्टात मी एकेकाळी अख्ख्या लॉजच्या चादरींच्या घड्या घातल्या असत्या.

नवव्या दिवशी दुपारी लॉजचे दोन दिवसांचे गठ्ठे एकदम आले. मी खुर्चीवरून बघत होते. चिमट्यातून टोक निसटलं. यांनी परत लावलं. झटकली, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा हे वाकले ते उठलेच नाहीत, तिथेच गठ्ठ्यावर बसले आणि उजवं मनगट डाव्या हातात धरलं. मनगट सुजलं होतं. कधीपासून, मी विचारलं नव्हतं. बासष्ट वर्षांचा माणूस, आणि समोर कोण, तर भिंत.

मी उठले. म्हटलं, "अहो, मला काही सांगायचंय. डॉक्टर सहा आठवडेच म्हणाले होते."

हे मनगट चोळत राहिले. मग म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सहा आठवडे. घरी सोडतानाच्या कागदावर लिहिलंय. कागद मीच घेऊन आलो ना. गल्ल्यात आहे."

त्याच गल्ल्यामागे मी चार महिने बसले होते. मला लाज वाटायला हवी होती, आला तो राग. "मग बोलला का नाहीत? माझा खांदा आखडला इथे! हात छातीच्या वर जात नाही आता. न्हाणीघरात रडते मी."

यांनी वर पाहिलं. खांद्याचं त्यांना माहीत नव्हतं. चेहरा उतरलाच त्यांचा.

"मला वाटलं, दमलीय," ते म्हणाले. "घेऊ दे चार दिवस. मग सहा आठवडे झाले, आठ झाले, तू काही बोलेनास. तेव्हा मात्र विचारायची भीती वाटली. विचारलं आणि तू म्हणालीस, मला आता तुमच्यासमोर उभंच राहायचं नाही, तर? त्यापेक्षा भिंत परवडली."

मी त्यांच्या शेजारी गठ्ठ्यावर बसले. अळीमिळी गुपचिळी खेळत आम्ही दोघांनी मिळून तो हात वाळवला होता. त्यांनी दया म्हणून, मी आळस म्हणून. एकाने तोंड उघडलं असतं तरी वाचला असता. मी तसं बोललेही. हे म्हणाले, "हो." आणखी काय म्हणणार?

मी म्हटलं, "अजून दमलेलीच आहे मी. ते काही खोटं नव्हतं."

"मी पण," हे म्हणाले.

मी उठून चिमट्यात उरलेलं टोक सोडवलं, निसटलेलं दुसरं उचललं. यांनी पलीकडची दोन घेतली. माझा उजवा हात वर गेला, डावा छातीशी अडला. चादर माझ्या बाजूने तिरकी लोंबली, तिची कड जमिनीला लागली. यांनी ते पाहिलं आणि आपलाही एक हात छातीपर्यंत खाली आणला. आता दोन्ही बाजूंनी लोंबली. ताणली, चालत आलो. घडी कसली, बोळाच झाला. कडेला माती लागलेली.

"परत धुवावी लागणार," मी म्हटलं.

"धुवू." त्यांनी ती टोपलीत टाकली. मग कपड्यांवर खुणा करायची शाईची बाटली उचलली, मला भिंतीशी उभं केलं आणि म्हणाले, "कर वर. जाईल तेवढाच."

मी बोटं भिंतीवर चढवली. कळ आली. इथे नळ नव्हता, मी कण्हले, त्यांनी ऐकलं. माझ्या मधल्या बोटाच्या टोकाशी त्यांनी काडीने काळी रेघ ओढली.

"अहो, ती शाई कधी जात नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि पुढची चादर उलगडून दोन टोकं माझ्याकडे धरली.