कोपऱ्यातली चौकट

"काका, नाव आधी टाका. नंतर विसरता," पायल म्हणाली.

नागसेन खरातनं मान हलवली आणि नाव काही टाकलं नाही. ड्रॉइंग पुरं झाल्याशिवाय कोपऱ्यातल्या चौकटीत नाव घालायचं नाही, हे त्याला लालासाहेबांनी शिकवलं होतं. शिरवळच्या या पंपाच्या कारखान्यातले ते जुने मुख्य ड्राफ्ट्समन, फौजेतनं आलेले. आधी आपली चूक आपण शोधायची, सापडली नाही तरच नाव. लालासाहेब गेले, मागोमाग ड्रॉइंग ऑफिसही गेलं. कंपनीनं काम पुण्याच्या लोकांना दिलं आणि नागसेनला स्टोअरमध्ये बसवलं, नट-बोल्ट आणि हातमोजे वाटायला.

आता म्हणे ड्रॉइंग ऑफिस पुन्हा उघडायचं होतं. जुन्यांनी कॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढण्याची, उजळणी करावी, जो नीट करेल त्याला तिथं खुर्ची, असं इंजिनिअर जयराज साहेबांनी सांगितलं होतं. त्या एका खुर्चीसाठी नागसेन पाळी संपली की या खोलीत येऊन बसत होता. शिकवायला सांगलीची पायल यायची. पोरगी गुणी होती, तिच्यावर राग धरायचं कारण नाही. राग धरावा अशी माणसं त्या खोलीत कधी आलीच नाहीत.

कारखान्यात पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा नागसेन कॅड शिकला होता. पण इतकी वर्षं हातमोजे मोजून बोटं सगळं विसरली होती. एकदा पंपाचं अख्खं कवच पडद्यावर काढून झालं आणि साठवायचंच राहिलं.

"गेलं व्हय सगळं? बरं झालं, तेवढाच हात साफ झाला," शेजारचा गुंडा माने म्हणाला. कवठे महांकाळचा हा गडी, पूर्वी ड्रॉइंग ऑफिसात, आता कारखान्याच्या गेटवर.

सरावाला कंपनीनं जुनी ट्रेसिंग दिली होती, या दोघांनीच कधीकाळी हातानं काढलेली. गुंडाला पहिल्यापासून डावाचा वास येत होता. सरावच करायचा तर कसलंही चित्र चालेल, आपलीच का, असं तो विचारायचा. नागसेन म्हणायचा, आपली म्हणून हात लवकर बसतो.

आणि हात बसला. बोर्डावर काम करताना तो कच्च्या रेघा कडक पेन्सिलीनं इतक्या फिक्या काढायचा, की छापात उमटायच्या नाहीत. कॉम्प्युटरवर त्याच रेघांसाठी एक वेगळा लेयर, म्हणजे थर, असतो. पडद्यावर दिसतो, कागदावर येत नाही. नागसेन त्या लेयरवर जायचा, कच्च्या रेघा टाकून एकेक माप ताडून बघायचा, चूक नाही अशी खात्री करायचा आणि मग बसल्या बसल्या चौकटीत नाव लिहायचा. ना. रा. खरात.

माण तालुक्यात गावी आई होती, चंद्राबाई. पहिल्या ड्रॉइंगचा निळा छाप त्यानं घरी नेला होता, तेव्हा तिनं विचारलं होतं, "ह्यात तुजं नाव कुटं हाय?" त्यानं दाखवलं त्या जागी तिनं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. तिचा नवरा राजाराम जन्मभर रस्त्याची खडी फोडत मेला. कुठल्या रस्त्यावर त्याचं नाव आहे? परवा तिनं फोनवर विचारलं, नव्या मशिनीवर पण नाव येतंय का. "येतंय की," नागसेन म्हणाला.

उजळणी संपली. प्रमाणपत्रं दिली, फोटो काढला, चहा झाला. खुर्ची आली नाही. फायली पुण्याला पाठवल्यात, पुढचं ते बघतील, असं जयराज साहेब जाता जाता बोलले.

"आपल्याकडनं सगळ्या कारखान्याची ड्रॉइंगं फुकट काढून घेतली गड्या," कँटीनमध्ये गुंडा म्हणाला. "वर आपल्याच हातनं टाळ्या वाजवून घेतल्या."

नागसेननं चहा तसाच ठेवला.

मग एक दिवस स्टोअरमध्ये नव्या छापांचा गठ्ठा आला, शिक्के मारून मशीनशॉपमध्ये वाटायला. वरचाच कागद त्याचा होता. रेघ अन् रेघ त्याची. कोपऱ्यातली चौकट मात्र कोरी. दुसरा कागद पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्या चौकटी कोऱ्या. तो गठ्ठा घेऊन तडक जयराज साहेबांच्या केबिनमध्ये शिरला.

"साहेब, खुर्ची न्हाई दिली, ऱ्हाऊ द्या. पर नाव कशाला पुसलं?"

साहेबांनी फाइल उघडली. पडद्यावर नाव होतं. दुसऱ्या फाइलीतही होतं.

"अहो खरात, छापला न जाणारा लेयर चालू ठेवून तुम्हीच नाव टाकलंय. पुसेल कोण?"

नागसेननं प्रत्येक माप पडद्यावर चुकीसाठी तपासलं होतं. नाव तपासायचं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

"दुरुस्त करून देतो साहेब. लय वेळ न्हाई लागायचा."

"फायली आता पुण्याकडे आहेत. आणि नावावाचून पंप थांबतोय का?" साहेबांनी फाइल मिटली.

तो स्टोअरमध्ये परत आला. छापावर जिथं कोरी जागा दिसेल तिथं वाटपाचा शिक्का मारायचा, असा स्टोअरचा नियम. त्या कागदांवर कोरी जागा एकच होती.

नागसेननं शिक्का शाईत दाबला. पहिला कागद समोर ओढला, तो उलटा केला आणि शिक्का पाठीवर मारला. मग दुसरा उलटा केला.