जित्या केवळाबाईला घातलेला हार

मी लाकडाची फळी बोलतेय. नाक मुरडू नका! माझ्या अंगावर चित्र कोरलंय. काळी शाई फासून कागद दाबला की छाप उमटतो. आधी मी एका दारात होते, तेव्हा लोक मला लाथेनं ढकलायचे. आता म्हणे मी कलाकृती.

मला कोरणारा उमाशंकर, उदगीरचाच. लोक त्याला म्हणायचे, "काश्मीर काढ, हंस काढ. हे काय आपलंच गाव काढून राहिलास?" पण गडी हट्टी. किल्ल्याखालच्या चौकात भाजी विकणाऱ्या केवळाबाईला त्यानं समोर बसवलं. मागं किल्ल्याच्या भेगा, पुढं तिच्या सुरकुत्या, दोन्हीला एकच पटाशी. छाप बघून बाई खेकसली, "मोरणी उलट्या नाकपुडीत गेली की रे माझी!" छाप उलटा उमटतो, म्हणून उलटं कोरायचं असतं, तेच विसरला होता येडा. "पण लई बेस हाय," असंही म्हणाली.

त्याच आठवड्यात चौक सुंदर करायचं निघालं आणि बाईला तिथून उठवायचं ठरलं. ठरवणारे वॉर्डाचे पुढारी दयानंदभाऊ. गाडीची काच खाली करून त्यांनी तिच्याकडं कधी बघितलंही नव्हतं. "सारा जलम त्या जागेवर गेला, आता कुठं जाऊ?" म्हणत बाई ढसाढसा रडली. मलाही लई वाईट वाटलं.

पुढं उमाशंकरच्या छापांचं प्रदर्शन भरलं, त्याला पाहुणे म्हणून आले तेही भाऊच. मी टेबलावर, छाप भिंतीवर. कार्यक्रम म्हटला की आधी फोटोला हार, ही आपली रीत. त्यात रंगीत फोटो वाढदिवसाचा आणि काळा-पांढरा श्रद्धांजलीचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाऊंनी छाप बघितला, "कोण ह्या?" विचारलं. "चौकातल्या केवळामावशी," कुणीतरी सांगितलं. घातला की हो हार! उदबत्ती लावली. सगळी सभा मान खाली घालून उभी. उमाशंकर "अहो भाऊ, अहो..." करत पुढं आला, तर कार्यकर्त्यांनी त्यालाच दटावलं.

भाऊ माइकवर गहिवरले. "मावशी गेल्या! पण चौकातली त्यांची जागा मी कुणाला हलवू देणार नाही. हा माझा शब्द!" टाळ्या कडाडल्या. मोबाइलवर व्हिडिओ चालूच होते.

दुसऱ्या रांगेतून केवळाबाई पदर सावरत उठली. "हाव ना, भाऊ? मग उद्या सकाळी तिथंच बसते."

व्हिडिओ गावभर फिरला, शब्द फिरवायची सोय राहिली नाही. उमाशंकरनं मला बाईलाच देऊन टाकलं. आता मी चौकात, तिच्या टोपल्यांमागं उभी असते. येणारेजाणारे मला बघून हळहळतात, हात जोडतात. बाबांनो, पाया पडते तुमच्या, हात जोडू नका. बाई इथंच बसलीय, मेथी घ्या!